भर समुद्रात कॅमेऱ्याचं चित्र हलतंय? आधी हेलकावा, दणका आणि थरथर वेगळे करा

धक्क्याला बांधलेल्या जहाजावर चित्र ठीक दिसतं. जहाज उघड्या समुद्रात आलं की क्षितिज तिरकं होतं, लांबची बोट चौकटीत टिकत नाही, झूम केलं की सगळ्याचे फराटे होतात. मग मेनूतलं स्टॅबिलायझेशन चालू केलं जातं, चित्र थोडं सुधारतं, आणि समुद्र पुन्हा खवळला की पुन्हा तेच. कुणी ब्रॅकेटखाली रबर घालतं, कुणी महागडा गिम्बल (जहाज कललं तरी मोटरने कॅमेरा सरळ धरणारी यंत्रणा) आणतं, तरी तक्रार परत येते. कारण 'कॅमेरा हलतो' एवढ्याशा वाक्यात तीन वेगळे दोष दडलेले असतात. एकावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि बऱ्याचदा दुसरा वाढवतो.

पहिला हेलकावा, म्हणजे जहाजाचा रोल (डावी-उजवीकडे कलणं) आणि पिच (पुढचं-मागचं टोक वर-खाली होणं). मोठ्या जहाजाचा एक रोल साधारण 10 ते 20 सेकंदांचा असतो, लहान बोटीचा 3 ते 6 सेकंदांचा. कोन मोठा, चाल संथ. दुसरा दणका: नाळ (जहाजाचं पुढचं टोक) लाटेवर आपटते, क्षणभर सगळं हादरतं आणि सांगाडा पुढचा सेकंद-दीड सेकंद कापत राहतो. तिसरी थरथर: इंजिन आणि प्रोपेलरची, साधारण 5 हर्ट्झपासून (सेकंदाला 5 कंपनं) 100 हर्ट्झच्या आसपास. कोन नजरेला न दिसण्याइतका, पण अखंड.

एक गैरसमज आधीच दूर करू. कॅमेरा मास्टवरून खाली, जहाजाच्या मध्यावर आणला की रोल कमी दिसेल असं अनेकांना वाटतं. दिसत नाही. जहाज 15 अंश कललं तर त्यावरची प्रत्येक वस्तू 15 अंशच कलते, मग ती मास्टच्या टोकाला असो की इंजिनरूममध्ये. खाली आणल्याने कमी होतात ते झोके आणि त्यांचे धक्के. तो फायदा मोठा आहे, पण क्षितिज तेवढंच कलणार.

मोजणी, पंधरा मिनिटांची

इलाजाआधी आकडा हवा. कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटला एक जुना फोन क्लॅम्पने घट्ट आवळा. फोमची टेप वापरू नका, ती थरथर खाऊन टाकते आणि नोंद खोटी येते. रोजच्या वापरातला चांगला फोनही नको. मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातलं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, असा इशारा अ‍ॅपलनेच 2021 मध्ये दिला होता. जहाजाचं इंजिन त्याहून सौम्य असेल याची खात्री नाही.

जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) आणि अ‍ॅक्सेलरोमीटर (धक्के आणि कल मोजणारा) यांची नोंद ठेवणारं कुठलंही अ‍ॅप चालेल, पण नोंदीचा वेग सेकंदाला 200 पर्यंत न्या. 200 वेळा नोंद घेतली तर 100 हर्ट्झपर्यंतचं खरं दिसतं. वेग 100 वरच राहिला तर 90 हर्ट्झची थरथर नोंदीत 10 हर्ट्झ म्हणून उगवते आणि तुम्ही भलत्याच गोष्टीच्या मागे लागता. पाच मिनिटं इंजिन न्यूट्रलला ठेवून, पाच मिनिटं नेहमीच्या चालीवर लाटांना सामोरं जाताना, पाच मिनिटं लाटा आडव्या घेऊन. रोलचा काळ मोजायला स्टॉपवॉच पुरतं: दहा पूर्ण हेलकावे मोजा आणि दहाने भागा.

हाच फसवा प्रकार व्हिडिओतही होतो आणि तिथे तो फार वेळ खातो. सेकंदाला 25 फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात 24 हर्ट्झची थरथर सेकंदाला एक या संथ लयीत डुलताना दिसते. बघणारा त्याला हेलकावा समजतो आणि गिम्बल शोधायला लागतो. ओळखायची रीत सोपी आहे: इंजिनाचे फेरे थोडे बदलायला सांगा. डुलण्याची लय त्याबरोबर बदलली तर ती थरथर आहे. समुद्राला इंजिनाचे फेरे माहीत नसतात.

रोलिंग शटरच्या, म्हणजे चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचणाऱ्या, कॅमेऱ्यात उभ्या रेषा नागमोडी दिसत असतील तर त्या लाटा मोजा. सेन्सर वरून खालपर्यंत वाचायला 20 मिलिसेकंद लागत असतील आणि चौकटीच्या उंचीत एक पूर्ण लाट बसत असेल, तर थरथर 50 हर्ट्झची. पावणेदोन लाटा बसल्या तर 90च्या आसपास. वेगळं उपकरण न लावता आकडा हाती येतो.

थरथर: चित्र जेलीसारखं, कडा कायम मऊ

आलेला आकडा यंत्राशी जुळवा. प्रोपेलरची मुख्य थरथर म्हणजे शाफ्टचे दर सेकंदाचे फेरे गुणिले पात्यांची संख्या. शाफ्ट मिनिटाला 150 फेरे आणि पाती चार असतील तर 10 हर्ट्झ. लहान वर्कबोटीत इंजिन 1800 फेऱ्यांवर, गिअरबॉक्स दोनास एक, म्हणजे शाफ्ट 900 वर: शाफ्टचे 15 हर्ट्झ, चार पात्यांचे 60 हर्ट्झ, इंजिनाच्या स्वतःच्या फिरण्याचे 30 हर्ट्झ, आणि सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन असेल तर फायरिंगचे 90 हर्ट्झ. यातला कुठला आकडा तुमच्या नोंदीत उंच दिसतो ते बघा.

आता ब्रॅकेटची चाचणी. इंजिन बंद, जहाज धक्क्याला. फोन तसाच ठेवून ब्रॅकेटला तळहाताने एक जोरदार थाप द्या आणि ते कितव्या हर्ट्झला झंकारतं ते नोंदीत पाहा. ही झंकार आणि यंत्राची थरथर एकमेकींच्या 20-30 टक्क्यांच्या आत असतील तर ब्रॅकेटच थरथर कित्येक पटींनी वाढवतो आहे. अशा वेळी कॅमेरा बदलून काही होत नाही. ब्रॅकेट ताठ करा. एका टोकाला धरलेल्या दांड्याची लांबी निम्मी केली तर ताठपणा आठपट होतो. पाइपची भिंत तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला तरी साधारण तेवढाच फरक पडतो. उंची कमी करता येत नसेल तर तीन बाजूंनी ताण द्या. दोन बाजूंचा ताण एका दिशेला आधार देतो आणि काटकोनातली दिशा मोकळी सोडतो.

रबर किंवा वायर-रोपचे आयसोलेटर (थरथर अडवणाऱ्या गाद्या) यानंतर येतात, आधी नाही. आयसोलेटरवर ठेवलेल्या वजनाची स्वतःची एक वारंवारता असते, आणि तिच्या सुमारे 1.4 पटींच्या वरची थरथरच तो अडवतो. त्या खालची तशीच जाऊ देतो, अगदी जवळची तर वाढवतो. चांगला परिणाम हवा तर आयसोलेटरची वारंवारता थरथरीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी किंवा त्याहून कमी ठेवा. मग सुमारे आठवा हिस्सा थरथरच वर पोहोचते.

ही वारंवारता दाबावरून कळते: वजन ठेवल्यावर आयसोलेटर किती मिलिमीटर दबला ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा, 15.8 ला त्याने भागा. 10 मिलिमीटर दबला तर 5 हर्ट्झ, म्हणजे 15 हर्ट्झच्या थरथरीला योग्य. यातूनच लक्षात येतं की मोठ्या जहाजाच्या 8 हर्ट्झच्या प्रोपेलरवर आयसोलेटर का चालत नाही. त्याला 2.7 हर्ट्झ लागतील, म्हणजे वजनाखाली 34 मिलिमीटर दबणारी गादी. पहिल्याच दणक्याला ती तळाला टेकेल आणि कॅमेऱ्याला थेट हातोडा बसेल. तिथे ताठ ब्रॅकेट आणि गिम्बल हाच मार्ग. दोन-तीन मिलिमीटर दबणारी कडक रबरी चकती मात्र कुठेही 'बसवून बघतात' आणि ती नेमकी 10 हर्ट्झच्या आसपासची थरथर फुगवते.

आयसोलेटर कॅमेऱ्याच्या खाली चार कोपऱ्यांत बसवले आणि वजनाचा मध्य त्यांच्या बराच वर राहिला, तर आडवा धक्का कॅमेऱ्याला डोलावतो. सरळ धक्का चित्रात फारसा दिसत नाही, डोलणं लगेच दिसतं. म्हणून शक्य तिथे आयसोलेटर वजनाच्या मध्याच्या पातळीत आणा. आणि गिम्बल असेल तर आयसोलेटर जहाज आणि गिम्बलच्या मध्ये. कॅमेरा आणि त्याचा जायरो यांच्यामध्ये काहीही मऊ येता कामा नये.

लांबचं झूम केलं की फराटे: एक्सपोजरचा हिशोब

15 अंशांचा रोल 8 सेकंदांच्या काळाने होत असेल तर जहाज सरळ होताना कॅमेरा सेकंदाला जवळजवळ 12 अंशांनी फिरत असतो. 1920 पिक्सेल रुंद चित्र आणि 60 अंशांचा दृष्टीकोन (चौकटीच्या रुंदीत मावणारा कोन) घेतला तर एका अंशात 32 पिक्सेल. शटर 1/50 असेल तर एका फ्रेममध्ये साडेसात पिक्सेलचा फराटा. 1/1000 केलं तर अर्ध्या पिक्सेलपेक्षा कमी, म्हणजे प्रश्न मिटला. पण झूम करून दृष्टीकोन 2 अंशांवर आणला तर एका अंशात 960 पिक्सेल येतात. तिथे 1/50 ला 226 पिक्सेलचा फराटा पडतो, आणि 1/1000 लाही 11 पिक्सेल उरतात. जास्त झूमला नुसत्या शटरने भागत नाही. यांत्रिक स्थिरीकरण लागतंच.

वेगवान शटर प्रत्येक फ्रेम स्वच्छ करतं, चौकटीचं डुलणं थांबवत नाही. पण नंतर सॉफ्टवेअरने स्थिर करायचं असेल तर ते आधी हवंच. नाहीतर चित्र जागेवर उभं राहतं आणि त्यातल्या वस्तू लयीत धूसर-स्वच्छ होत राहतात, जे मूळ हलण्याहून जास्त खुपतं. दिवसा 1/500 ते 1/1000 धरा. रात्री गेन (सेन्सरची संवेदनशीलता) जितका सोसेल तितका वाढवा आणि झूम कमी करा.

थर्मल कॅमेऱ्यात ही सोयही नाही. त्यातल्या विनाशीतक मायक्रोबोलोमीटरला (न थंडावता चालणाऱ्या उष्णता-सेन्सरला) एक्सपोजर ठरवणारं शटरच नसतं. त्याचा प्रत्येक ठिपका तापायला-निवायला सुमारे 10 मिलिसेकंद घेतो आणि ते कुठल्याही मेनूतून बदलत नाही. 640 पिक्सेल, 6 अंशांचा दृष्टीकोन आणि वरचाच रोल घेतला तर बारा-तेरा पिक्सेलचा फराटा पडतो. रात्री थर्मलमध्ये माणूस शोधायचा असेल तर पैसे आधी गिम्बलवर खर्च करावेत, जास्त पिक्सेलवर नाही.

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन चालू, तरी चित्र सरकतं आणि झटका देऊन परत येतं

लेन्स किंवा सेन्सरमधलं स्टॅबिलायझेशन हाताच्या कापण्यासाठी बनवलेलं असतं. त्याची धाव अंशभराच्या आसपासची. 15 अंशांच्या हेलकाव्याला ते थोडं अंतर सोबत जातं, टोकाला टेकतं आणि उडी मारून मध्यावर येतं. संथ हालचाल दिसली की ते ती मुद्दाम केलेली पॅन (कॅमेरा आडवा वळवणं) समजून सोडूनही देतं. जहाजाला घट्ट बसवलेल्या कॅमेऱ्यात आधी हे बंद करून बघा. गिम्बलवरच्या कॅमेऱ्यातही पहिली चाचणी ते बंद ठेवूनच घ्या, कारण दोन यंत्रणा एकमेकींच्या दुरुस्त्या पुन्हा दुरुस्त करायला लागतात. गिम्बल नीट बसल्यावर उरलेली बारीक थरथर काढायला ते पुन्हा चालू करता येतं.

हातात धरून चित्रण करत असाल तर मात्र ते चालू ठेवा, आणि कठड्याला किंवा केबिनच्या भिंतीला टेकू नका. टेकलं की इंजिनाची थरथर थेट हातात येते. पाय फाकवून, गुडघे सैल ठेवून उभं राहिलेलं शरीर हा उत्तम आयसोलेटर आहे. तोल जात असेल तर कंबर दोराने बांधून घ्या, खांदा टेकवू नका.

गिम्बल आहे, तरी हलतं

सर्वांत जास्त तक्रारी इथल्या, आणि बहुतेकांचं मूळ समतोलात.

पॅन आणि टिल्ट (वर-खाली वळणं) अशा दोनच अक्षांचा गिम्बल असेल तर कॅमेरा आडवा, जहाजाच्या बाजूला वळवून बघा. जहाजाचा रोल तिथे कॅमेऱ्याचा टिल्ट होतो आणि दुरुस्त होतो. आता नाळेच्या दिशेने वळवा. तोच रोल चित्राचं गरगरणं होतो आणि दोन अक्षांना तो थांबवताच येत नाही. बाजूला ठीक आणि पुढे तिरकं असं दिसत असेल तर गिम्बल बिघडलेला नाही, तिसरा अक्ष नाही एवढंच. सॉफ्टवेअरने चित्र उलटं फिरवून घ्या किंवा तीन अक्षांचा गिम्बल लावा.

समतोल वीज बंद करून, नेहमीची लेन्स, हूड, पावसाचं आवरण, केबल सगळं लावून आणि नेहमीच्या झूमवर करायचा. लेन्स पुढे सरकली की वजनाचा मध्य सरकतो. आधी टिल्टचा अक्ष: कॅमेरा सरळ, मग आकाशाकडे, मग जमिनीकडे तोंड करून सोडा, तिन्ही जागी तो तिथेच थांबला पाहिजे. मग रोलचा अक्ष. मग पॅन, जो जमिनीवर काम करणारे सोडून देतात, कारण पाया सपाट असला की पॅनचा असमतोल कळतच नाही. जहाजावर पाया सतत कलत असतो. म्हणून गिम्बलचा संपूर्ण पाया हाताने 15-20 अंश तिरका करा आणि पॅनचा हात आपोआप उताराकडे झुलतो का ते बघा. झुलला तर प्रत्येक रोलला तो तसाच झुलणार. 2 किलोच्या कॅमेऱ्याचा मध्य 10 मिलिमीटर सरकलेला असेल तर मोटरवर सुमारे 0.2 न्यूटन-मीटर भार येतो, आणि दणक्यात वजन तिप्पट झालं की 0.6. लहान मोटर तिथे सुटते.

केबलची परीक्षा बोटाने होते. वीज बंद, समतोल झालेला. कॅमेऱ्याला एका बोटाने 20 अंश फिरवा आणि बोट काढा. तो जागेवर थांबला पाहिजे. हळूच मागे येत असेल तर केबल स्प्रिंगसारखी ओढते आहे. जाड, कडक आवरणाची केबल थंडीत आणखी ताठ होते. सिलिकॉन आवरणाची मऊ केबल वापरा, एक टोक कॅमेऱ्याच्या प्लेटला आणि दुसरं हाताला बांधा, मध्ये सुमारे 10 सेंटीमीटर व्यासाचा सैल वळसा सोडा, आणि गिम्बल प्रत्येक टोकापर्यंत फिरवून तो कुठे ताणत नाही ना ते बघा.

फॉलो मोड बंद करा. या मोडमध्ये गिम्बल पायाच्या वळण्यामागे जातो. चालणाऱ्या माणसाच्या हातात ते हवंच असतं, जहाजावर मात्र तो समुद्राच्या मागे जातो. लॉक मोड (दिशा धरून ठेवणारा) लावा, निदान रोल आणि टिल्टसाठी.

प्रत्येक मोठ्या रोलला एकाच बाजूला झटका बसत असेल तर गिम्बल आपल्या धावेच्या टोकाला लागतो आहे. ब्रॅकेट 10 अंश तिरका असेल तर एका बाजूची धाव 10 अंशांनी कमी झालेली असते. जहाजाचा कायमचा कल असेल तर तोही त्यात मिळवा.

गुणगुण आणि बारीक कंप येत असेल तर गिम्बलच्या सेटिंगमधला पी हा गेन (चूक दिसताच किती जोराने दुरुस्त करायचं तो आकडा) जास्त आहे. तो गुणगुण सुरू होईपर्यंत वाढवा आणि तिथून 20-30 टक्के कमी करा. हेलकाव्याची संथ छाया चित्रात उरत असेल तर आय (साचत गेलेली चूक काढणारा आकडा) वाढवा. ऑटो-ट्यून करायचं तर धक्क्याला, सगळी आवरणं लावून.

जायरोचं शून्य जुळवणं हा प्रकार हलत्या डेकवर करूच नका. अनेक गिम्बल चालू होताच पहिल्या काही सेकंदांत 'मी स्थिर आहे' असं धरून शून्य ठरवतात. जहाज तेव्हा सेकंदाला 5 अंशांनी फिरत असेल तर तीच चूक शून्यात शिरते आणि चित्र संथपणे एका बाजूला वाहत जातं. बंद-चालू केलं की वाहण्याची दिशा बदलते, ही याची खूण. बंदरात जुळवा, सुरुवातीचं कॅलिब्रेशन टाळण्याचा पर्याय असेल तर तो निवडा, आणि काम सुरू करण्याआधी 10-15 मिनिटं यंत्र तापू द्या. तापमान बदललं की या स्वस्त जायरोंचं शून्य सरकतं. चुंबकीय होकायंत्राचा सेन्सर बंद ठेवा. भोवती लोखंडच लोखंड आहे.

वळताना क्षितिज तिरकं होतं आणि मग हळूहळू सरळ येतं

इथे गिम्बलला 'खाली' कुठे आहे हेच कळत नसतं. तो गुरुत्वाकर्षणावरून खाली ठरवतो, पण वळणात बाहेर फेकणारा जोर त्यात मिसळतो. सेकंदाला 10 मीटर चालीने, सेकंदाला 1 अंश वळणाऱ्या जहाजावर ही चूक सुमारे 1 अंशाची असते, ती खपते. सेकंदाला 15 मीटरने धावणारी बोट सेकंदाला 6 अंश वळली तर चूक 9 अंशांची.

उंच मास्टवर हाच घोटाळा रोलमध्ये होतो. रोलच्या अक्षापासून 20 मीटर उंचीवर, 15 अंश आणि 8 सेकंदांच्या रोलला टोकाशी आडवा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होतो. तिथल्या सेन्सरला जहाज खऱ्यापेक्षा बरंच जास्त कललेलं वाटतं. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटरचं वजन कमी करा म्हणजे जायरोवरचा भरवसा वाढेल आणि दोन्ही बाजूंच्या चुका सरासरीत जातील. खालच्या जागेचा खरा फायदा इथे मिळतो.

वळणांसाठी बाहेरून माहिती द्यावी लागते: जीपीएसचा वेग, जायरोकंपासची दिशा आणि वळण्याचा दर, किंवा जहाजाच्या मोशन सेन्सरचा रोल-पिच. ही माहिती शिळी पोचली तर बिघाड वाढतो. जहाजावरची उपकरणं एनएमईए 0183 या पद्धतीने माहिती पाठवतात; तिचं पूर्ण लांबीचं 82 अक्षरांचं वाक्य 4800 बॉडवर (सेकंदाला 4800 बिट) पोचायला 170 मिलिसेकंद लागतात. जहाज सेकंदाला 12 अंशांनी फिरत असेल तर तेवढ्यात ते 2 अंश पुढे गेलेलं असतं. 38400 बॉडवर तेच 21 मिलिसेकंदांत येतं, चूक पाव अंश. सेन्सरचे अक्ष गिम्बलच्या अक्षांशी नीट जुळवा. दिशेत 2 अंशांचा फरक राहिला तर 15 अंशांच्या रोलमधून अर्धा अंश पिचमध्ये गळतो. आणि जलद दुरुस्ती कॅमेऱ्याजवळच्या जायरोवरच सोपवा, जहाजाच्या सेन्सरवर फक्त संथ संदर्भ. लांब जहाजाचा सांगाडा लाटांत वाकतो, मध्यावरच्या सेन्सरला मास्टवरचं सगळं कळत नाही.

सॉफ्टवेअरने केलेलं चित्र आणखीच विचित्र

सर्वांत नेहमीची चूक: चौकटीत जहाजाची नाळ किंवा कठडा दिसतो आहे. चित्र बघून हालचाल ओळखणारं सॉफ्टवेअर त्यालाच धरतं, कारण तो भाग कॅमेऱ्याच्या दृष्टीने अजिबात हलत नाही. ते 'सगळं स्थिर आहे' असं ठरवतं, आणि समुद्र डुलत राहतो. तो भाग मास्क करा किंवा चौकटीबाहेर ठेवा. चौकट नुसत्या पाण्याने भरली असेल तर ते लाटांनाच धरून सरकतं. अशा वेळी क्षितिज चौकटीत घ्या, किंवा जायरोच्या नोंदीवर चालणारं सॉफ्टवेअर वापरा. जायरोफ्लो हे मोफत आहे. त्यासाठी कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन चित्रणाच्या वेळी बंद हवं आणि लेन्सचं प्रोफाइल बरोबर हवं.

एफएफएमपेग या व्हिडिओ-सॉफ्टवेअरच्या विडस्टॅब या स्थिरीकरणाच्या फिल्टरमध्ये स्मूदिंगचा मूळ आकडा 10 असतो, म्हणजे 21 फ्रेमची सरासरी, म्हणजे 25 फ्रेमच्या व्हिडिओत सेकंदाहून कमी. 8 सेकंदांचा रोल त्यातून जसाच्या तसा निसटतो. आकडा 100 केला तर 201 फ्रेम, बरोबर एक रोल. मात्र त्याची किंमत चौकटीत मोजावी लागते: 16:9 चित्र 5 अंश सरळ केलं तर रुंदी 87 टक्के उरते, 10 अंशांना 77, 15 अंशांना 70. म्हणून 4के मध्ये चित्रण करा आणि 1080 मध्ये द्या, 15 अंशांनंतरही पुरेसे पिक्सेल हाती राहतात.

जहाजाचं वर-खाली होणं जायरोला कळत नाही. 2 मीटर वर-खाली झालं तर 1 किलोमीटरवरची बोट 0.11 अंश हलते. 60 अंशांच्या चित्रात ते तीन-चार पिक्सेल, 2 अंशांच्या झूममध्ये 110. हा भाग चित्रातल्या बोटीलाच धरणाऱ्या ट्रॅकिंगने काढावा लागतो.

हलणं नसलेलं हलणं

चित्र लयीत उजळ-अंधार होत असेल तर रोलबरोबर आकाश चौकटीत येतं-जातं आणि ऑटो-एक्सपोजर त्याच्या मागे धावतं. एक्सपोजर हाताने बांधा किंवा मोजणीची जागा चौकटीच्या खालच्या भागात ठेवा. लयीत धूसर होत असेल तर ऑटोफोकस काचेवरचे थेंब आणि कठडा पकडतो आहे. फोकस हाताने अनंतावर लावून ठेवा. काचेवरचे थेंब स्थिर केलेल्या चित्रात पोहताना दिसतात, कारण समुद्र जागेवर उभा राहिला आणि काच मात्र हलतेच आहे. त्याला वायपर, गरम काच किंवा फिरती काच लागते. चौकोनी ठोकळे दिसत असतील तर बिटरेट अपुरा आहे. स्थिरीकरण नेहमी एन्कोडिंगच्या आधी करा, म्हणजे तोच बिटरेट पुरतो.

बसवताना

नायलॉनच्या लॉक-नट वापरा, मध्यम ताकदीचं थ्रेड-लॉकर लावा. स्टेनलेसचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटला थेट लावू नका, मध्ये नायलॉनची वॉशर घाला, नाहीतर खारं पाणी अ‍ॅल्युमिनियम खातं, बोल्ट सैल पडतो आणि गेलेली थरथर परत येते. रडारच्या झोतात गिम्बल येऊ देऊ नका. मोटरमध्ये चुंबक असतात, म्हणून होकायंत्रापासूनचं सुरक्षित अंतर गिम्बलवरच्या माहितीपट्टीवर वाचून पाळा. कॅमेऱ्याला ब्रॅकेटपासून वेगळी, स्टीलच्या दोरीची सुरक्षा-दोरी बांधा, ब्रॅकेटला नव्हे तर मास्टला. आणि प्रत्येक वादळी फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊन बोटाची ती केबल-परीक्षा आणि तळहाताची थाप पुन्हा एकदा घ्या. झंकाराचा आकडा खाली आला असेल तर कुठलातरी बोल्ट सैल झाला आहे.